आतोबांचा तिसरा सीझन

आमच्या आतोबांना आवडेल अशी एकही गोष्ट ब्रह्मदेवाने अजून घडवलेली नाही, आणि पुढे घडेल ही आशाही त्याने बहुधा सोडून दिली असावी. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की चढणीवर त्यांचं चिऱ्याचं घर आहे, आणि त्या घराच्या पडवीत बसून ते कित्येक वर्षं या जगाला नापास करत आले आहेत. हापूस तोंडात घालायचा, डोळे मिटायचे, बाठ पांढरी होईपर्यंत चोखायची आणि मग हात धुता धुता म्हणायचं, "गेल्या वर्षीची चव नाय." गेल्या वर्षीही ते हेच म्हणाले होते. लांबून आलेले पाहुणे समुद्रावरचा सूर्यास्त बघून गहिवरले, की हे मागून सांगणार, "कालचा बघायला हवा होतात." माझ्या लग्नात नव्या नवरीला आशीर्वाद देताना त्यांनी माझ्याकडे वळून खाजगीत मत दिलं होतं, "मुलगी चांगली आहे, असं लोक म्हणतायत." माझी बायको ते आजही त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवते, विशेषतः मी तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं की.

आतोबांची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. जिल्ह्यातल्या निम्म्या भावाभावांच्या हद्दी त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून लावून दिल्या, आणि उरलेल्या निम्म्यांना हद्दीवरून भांडायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर मोजणीची साखळी सुटली, पण नजर सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी सांगणार, "टीव्ही भिंतीच्या मध्यावर नाय." अशा या गृहस्थांच्या स्वतःच्या आवारात मात्र एक गडगा आहे. गडगा म्हणजे नुसते दगड रचून घातलेलं कुंपण. त्याच्या अलीकडे आतोबा, पलीकडे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, ज्यांना सगळी वाडी दादा म्हणते. एका पावसाळ्यात गडगा ढासळला, दादांनी तो पुन्हा रचून घेतला आणि रचताना तो आतोबांच्या बाजूला वीतभर सरकला. त्या वीतभर जागेत कुणी धड अळू लावू शकणार नाही. पण जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजलेल्या माणसाच्या छातीवरच जणू तो गडगा आला. "मुद्दाम केलंन," आतोबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. पलीकडच्या वहिनी गेल्या तेव्हा आतोबा खांदा द्यायला गेले, सगळं केलं, पण दादांशी अक्षर बोलले नाहीत. दादांची मुलगी गुहागरला दिलेली. वहिनी गेल्यापासून दादा एकटेच.

अशा परिस्थितीत आमच्या भागात त्या माफियांच्या मालिकेचा तिसरा सीझन आला. आंब्याला मोहोर आला होता, फवारणीची गडबड होती, पण जिथं तिथं विषय एकच. मुंबईच्या गोदीवर राज्य करणारे दोन भाऊ, थोरला भाई आणि धाकटा भाई, यांची ती गोष्ट. पहिल्या दोन सीझनमध्ये या दोघांनी मिळून इतकी माणसं मारली, की मुंबईत लोकलला गर्दी कशी उरली याचं मला आश्चर्य वाटे. तिसऱ्यात दोघांचं एकमेकांशीच बिनसतं. पण लेखकाला काय झालं कुणास ठाऊक, बंदुका बाजूला ठेवून त्याने सगळ्यांना जेवायला बसवलं. आमचा सलूनवाला माझ्या गालाला साबण लावून, वस्तरा हातात धरून तळमळून म्हणाला, "आधी माणसं पटापट मरायची हो. ह्यात नुसती जेवतायत!" मान त्याच्या हातात असल्यामुळे मी सहमत झालो. माझ्या ऑफिसातल्या एकाने सगळा सीझन दुप्पट वेगाने बघितला आणि फार घाईत गुंडाळलाय अशी तक्रार केली. आत्याला मात्र तो फार आवडला. "इतकी वर्षं मालिका बघत्ये," ती म्हणाली, "पण जेवून झाल्यावर आपलं ताट आपण उचलणारा डॉन पहिल्यांदा बघितला." हे सांगताना ती आतोबांच्या ताटाकडे बघत होती. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून इतकी जुंपली, की त्याचे दोन ग्रुप झाले. आतोबा दोन्हींत आहेत. दोन्ही त्यांना आवडत नाहीत.

आतोबांचं मत अर्थातच ठरलेलं होतं. पहिला सीझन आला तेव्हा पहिला टुकार होता, दुसरा आल्यावर पहिला बरा ठरला, आणि तिसरा आल्यावर दुसऱ्याचीही पुण्याई वाढली. टुकार असूनही ते एकही मिनिट चुकवत नसत. "डॉन म्हणे!" ते टीव्हीला सांगत. "ह्याला कलमांची राखण जमायची नाय, ह्यो बंदर सांभाळतोय." त्यांचा मुख्य आक्षेप धाकट्यावर होता. धाकटा भाई मधूनच हळवा होई, थोरल्याकडे जावंसं त्याला वाटे. "सख्खा भाऊ असा वागत नाय," आतोबा ठणकावत. "लेखकाला भाऊ नसणार." आत्या टीव्हीचा आवाज वाढवी.

आणि एके दिवशी आतोबांना शोध लागला, की त्यांच्या टीव्हीत दादा घुसले आहेत. झालं असं, की ही मालिका ज्यावर दिसते त्याचं खातं मुंबईतल्या आतेभावाने काढून दिलेलं. त्याचं दादाकाकांशी काही भांडण नव्हतं, म्हणून त्याने तोच पासवर्ड त्यांनाही देऊन टाकला. आत बघणाऱ्याचं नाव एकच, 'घर'. एका घराची दोन घरं कशी करायची ते अलीकडेही कुणाला येत नव्हतं आणि पलीकडेही. त्यामुळे कोण किती बघून थांबलं हे दाखवणारी भागाखालची लाल रेघ दोघांत एकच. आतोबांनी तिसरा भाग अर्धा टाकून झोपावं आणि सकाळी बघावं तर रेघ चौथ्यात! त्यांनी मुलाला फोन लावला, सत्य कळलं, आणि त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आता आतूनसुद्धा अतिक्रमण."

पुढचे काही दिवस जे घडलं तसं युद्ध त्या मालिकेच्या लेखकालाही सुचलं नसतं. दुपारी आतोबा रेघ पुढे ढकलत. संध्याकाळी दादा ती मागे आणत, कारण मधलं त्यांचं बघायचं राहिलेलं असे. आतोबा चिडून पुन्हा पुढे. आत्याला एकच भाग तुकड्यातुकड्याने इतक्या वेळा बघावा लागला, की धाकट्या भाईच्या आधी ती वाक्यं म्हणू लागली. सकाळी पडवीत उभं राहून, गडग्याकडे पाठ करून, आतोबा आत्याला मोठ्याने ऐकवीत, "काय गो, काही लोकांना वाटतं थोरल्याचं बरोबर आहे!" पलीकडे दादांना बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते मांजराला सांगत, "मने, धाकट्यांना अक्कल उशिरा येते बघ." मांजर दोघांपेक्षा शहाणं असल्यामुळे गप्प बसे. मी दोन्ही घरांत जाणारा, म्हणून मला दोन्हीकडचा चहा आणि दोन्हीकडचं परीक्षण मिळे. हसायचो मी तेव्हा. इतक्या वर्षांत ते दोघे पहिल्यांदाच एका विषयावर बोलत होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आत्याच्या आलं होतं. म्हणून तर तिने नवीन नाव काढून द्यायला मला एकदाही सांगितलं नाही.

मग शेवटच्या भागात, बरोबर मध्यावर, रेघ थांबली. थोरल्या भाईने धाकट्याला जेटीवर एकटं बोलावलंय आणि धाकटा गाडीत बसतोय, तिथं. आज हलेल, उद्या हलेल, रेघ काही हलेना. एव्हाना सगळ्या रत्नागिरीचा शेवट बघून झाला होता. दोन्ही ग्रुपांवर त्याचा पार चोथा झाला होता. आतोबा रोज संध्याकाळी टीव्ही लावत, रेघ बघत आणि बंद करत. आत्या एकदा म्हणाली, "अहो, बघून टाका की एकदाचं." तर तिच्यावर खेकसले, "मी पुढं गेलो तर त्याची खूण जाईल ना गो! आला तर शोधणार कुठं?" आत्याने मला स्वयंपाकघरात नेऊन हे सांगितलं आणि पदराने डोळे पुसले. मी बाहेर आलो तसं आतोबा आभाळाकडे बघत म्हणाले, "पलीकडं टीव्ही बिघडलाय काय रे?"

टीव्ही बिघडला नव्हता. मी पलीकडे गेलो तर दादा काळा चष्मा लावून पडवीत बसले होते. एक डोळा आधीच अधू होता. दुसऱ्यात दाब वाढला, गुहागरला मुलीकडे गेले असताना डॉक्टरला दाखवलं, तर तो म्हणाला गेलं ते आता परत यायचं नाही. हे त्यांनी मला मोहोर गळल्याची बातमी द्यावी तसं सांगितलं. मग विचारलं, "त्या धाकट्याचं काय झालं रे जेटीवर?" मी सांगायला तोंड उघडलं, तर हात वर करून म्हणाले, "तू नको. तू एका वाक्यात संपवशील." आणि चष्मा गडग्याकडे वळवून बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाले, "नीट बघणाऱ्यानं सांगायला हवं."

मी आतोबांना सगळं सांगितलं. ते पहिल्यांदा दादांवरच उखडले. "टीव्हीला नाक लावून बसायचा! मी बघत नव्हतो काय इथनं?" मग आत जाऊन मोजणीला घालायचे तो पांढरा सदरा घालून आले. गडगा ओलांडला असता तर दहा पावलांत पोचले असते. पण हद्दीच्या बाबतीत तो माणूस देवाशीही तडजोड करणार नाही. आपल्या फाटकातून बाहेर, रस्त्याने चालत, दादांच्या फाटकातून आत. मी मागोमाग. पायरीशी पोचल्यावर दादांनी विचारलं, "कोण?"

"शेजारी."

"शेजारी गडग्यावरनं ओरडतो. फाटकातनं नाय येत."

"शेवट सांगायला आलोय. ऐकायचाय की जाऊ?"

"बस," दादा म्हणाले. "पण मध्ये मध्ये नावं ठेवू नकोस."

ही अट आतोबांना कशी पाळता येणार? धाकट्याची गाडी जेटीवर पोचेपर्यंत त्यांनी गाडीला, ड्रायव्हरला, रस्त्याच्या आखणीला आणि समुद्राला नावं ठेवली. मी ऐकत होतो, कारण खरा शेवट मी पाहिला होता. त्यात थोरला भाई धाकट्याला मिठी मारतो आणि मिठीतच गोळी घालतो. आतोबांना हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं, दोन्ही ग्रुपांवर आठवडाभर दुसरं काही नव्हतं. ते सांगत होते, "तर थोरला उभा. हातात बघतो तर डबा. म्हणाला, जेवलास काय? तो म्हणाला, नाय. मग बसले दोघं कठड्यावर."

"पिस्तूल?"

"टाकलं खाडीत."

"एवढं महागाचं?"

"लेखकाच्या बापाचं काय जातंय?"

दादा हसले. मग म्हणाले, "आणि बोलले काय?"

आतोबा जरा अडखळले. "बोलले काही नाय. थोरला एवढंच म्हणाला, की पाऊस होता, घाई होती. दगड कुठं पडतायत ते कळलं नाय."

गोदीवरच्या माफियांच्या मालिकेत दगड कुठून आले, हे दादांनी विचारलं नाही. मग त्यांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "तू बघितलायस ना रे? असाच आहे शेवट?"

"हो दादा," मी म्हणालो, "अगदी असाच." इतकं मनापासून मी आयुष्यात खरंसुद्धा कधी बोललेलो नाही.

आता चौथा सीझन येणार म्हणतात. सलूनमध्ये तिसऱ्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि परवा आतोबा तिथं दाढीला बसले असताना पुन्हा निघाला. "टुकार," आतोबा म्हणाले. "शेवट तेवढा चांगला केलाय." सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच राहिला. आतोबांनी एखाद्या गोष्टीला चांगलं म्हटलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं, आणि म्हटलं ते सख्ख्या भावाच्या खुनाला! "अहो, मिठीत गोळी घातलीन्, ते तुम्हाला चांगलं वाटलं?" आतोबांनी डोळे मिटून घेतले आणि गाल पुढे केला.

गडगा अजून तिथंच आहे, वीतभर आत. दादांची नजर काही परत आली नाही. मुलगी त्यांना कायमचं गुहागरला न्यायचं म्हणते आणि ते आंबे उतरल्यावर बघू म्हणतात. तोवर रोज संध्याकाळी आतोबा सदरा घालून रस्त्याने फिरून पलीकडे जातात आणि कुठल्या ना कुठल्या मालिकेतलं काहीतरी सांगतात. त्या मालिकांमधल्या माणसांना आताशा बरंच आठवतं, लहानपणी खाडीत पोहायला कोण कुणाला घेऊन जायचं तेसुद्धा. इकडे आत्या एकटी टीव्हीपुढे असते. 'घर' उघडलं की तो शेवटचा भाग सगळ्यात आधी दिसतो, धाकटा गाडीत बसलेला, खाली अर्ध्यावर आलेली लाल रेघ. दादा आता ती पुढे नेणार नाहीत हे आम्हाला सगळ्यांना कळतं, आणि तरी घरात कुणी त्या भागाला हात लावत नाही.