तिसऱ्या मजल्यावरचा ठसका

या सदरातले अनुभव मी वाचते, पण हातात लाल पेन असल्यासारखी. गणिताची शिक्षिका आहे. कुठे पायरी गाळली, कुठे उत्तर आधी ठरवून मग गणित मांडलं, ते लगेच दिसतं. भूत, करणी, दृष्ट... कशावरच माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण एक गोष्ट इतकी वर्षं मनात घोळतेय की आता घोळवायचाही कंटाळा आलाय. म्हणून लिहिते. पटलं नाही तर सोडून द्या, वाद घालायची ताकद नाही माझ्यात.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी मूळची पुण्याची, लग्न होऊन बंगळूरला आले. सासर बनशंकरीत. ही मंडळी कित्येक पिढ्या तिथलीच, घरात मराठी पण त्यात कन्नड भरपूर. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांना दोन मुलगे – माझा नवरा श्रीकांत आणि धाकटा रघू.

श्रीकांतला रक्ताचा कॅन्सर झाला. रघूचा बोन मॅरो जुळला, तो चढवला, वर्षभर बरं गेलं... आणि आजार परत आला. तेव्हा डॉक्टरांनी एक नवीन उपाय सांगितला. रघूच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मशीनने वेगळ्या काढायच्या आणि श्रीकांतला द्यायच्या. त्या कॅन्सरशी लढतील. लढल्या तर.

"याच्यापुढे माझ्याकडे फारसं काही नाही," डॉक्टर म्हणाले. मला ते सरळ बोलणं बरं वाटलं. गोड बोलणाऱ्यांचा तोवर वीट आला होता.

हॉस्पिटलात श्रीकांतची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ती कशी होती ते नीट लक्षात घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. आत जायला एकामागे एक दोन दारं. खिडकी कायमची बंद. छतातून गाळलेली हवा आत यायची आणि आतला दाब जास्त ठेवलेला, म्हणजे दार उघडलं तरी आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. फूल नाही, फळ नाही, घरचा डबा नाही. सोबत एकच माणूस, तोही गाऊन आणि मास्क घालून. तो माणूस म्हणजे मी.

आदल्या दिवशी अक्का पदराखाली पुडी घेऊन आल्या. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या.

"दृष्ट काढते ग. स्वल्प दारातूनच ओवाळते."

"अक्का, मिठाचा कणसुद्धा चालत नाही इथे."

त्या काचेतून मुलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरी, बिडु. राहू दे. रघूवरून काढते. मॅरो त्याचाच, रक्तगटसुद्धा आता त्याचाच झालाय म्हणे. मग रघू काय नि हा काय!"

एरवी मी वाद घातला असता. पण हसायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, काढा.

दुसऱ्या दिवशी रघू दोन्ही हातांत सुया घेऊन मशीनजवळ पडून होता. तास न् तास. मध्येच मला म्हणाला, "वहिनी, अण्णाला सांगा, माझ्या पेशी आळशी आहेत, जरा दम द्या त्यांना." मग रिक्षाने घरी गेला. संध्याकाळी पेशींची पिशवी वर आली. फिकट गुलाबी, इतकीशी. याच्यावर सगळं अवलंबून? – असं वाटून मला रडूच आलं.

पिशवी संपत आली आणि श्रीकांत उठून बसला. "काय जळतंय?"

मला काही कळेना. आणि मग मलाही तो वास आला. जळक्या मिरच्यांचा. मास्कमधून. श्रीकांतला असा ठसका लागला की पलंग हलायला लागला. केरळची सिस्टर आत धावली आणि दारातच खोकत म्हणाली, "मॅडम, चिली! कोण जाळतंय?" डॉक्टर आले, त्यांच्याही डोळ्यांतून पाणी. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले तर तिथे फिनाइलशिवाय कसलाही वास नव्हता. परत आत, तर मिरच्या.

सिस्टरच्या टेबलावरून मी घरी फोन लावला. त्याला रिॲक्शन आली असं सांगायचं होतं. फोन रघूने उचलला.

"वहिनी, अक्काने आत्ताच दृष्ट काढली. गुंटूर मिरच्या, मूठभर! शेगडीत कोळसा झाला त्यांचा, मी वाकून बघितलं... पण ठसका म्हणून नाही. साधं नाकसुद्धा चुरचुरलं नाही."

मागून अक्कांचा आवाज आला, "मोठी दृष्ट होती बघ. गेली!"

आपल्याकडे मानतातच ना, ठसका आला नाही तर दृष्ट खरंच लागलेली होती. पण तो न आलेला ठसका जातो कुठे, हे कधी कुणी विचारत नाही. मी फोन ठेवला आणि तिथल्याच स्टुलावर बसले.

एक्स-रे स्वच्छ आला. हवेचं यंत्र बघणारा माणूस दोनदा येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. हॉस्पिटलचं स्वयंपाकघर तर मागच्या इमारतीत. काही आठवड्यांनी श्रीकांतच्या तळहातांवर लालसर पुरळ उठलं, आणि डॉक्टर पहिल्यांदाच हसले. पुरळ म्हणजे पेशी कामाला लागल्याची खूण. पुढच्या तपासणीत कॅन्सर दिसला नाही.

मी स्वतःला सांगितलं, पेशींनी बरं केलं. मिरच्यांचा काय संबंध? श्रीकांत घरी आला, ऑफिसला जायला लागला, माझ्याशी भांडायलाही लागला. त्या भांडणांचं किती सुख वाटायचं म्हणून सांगू.

मग आजार पुन्हा उलटला. पुन्हा तीच खोली, पुन्हा रघूच्या दोन्ही हातांत सुया. या वेळी पिशवी लावून झाल्यावर सिस्टरला त्याच्याजवळ बसवलं आणि मी घर गाठलं. अक्का थकून भिंतीला टेकल्या होत्या. मीच म्हटलं, "अक्का, दृष्ट काढायची ना?"

त्यांनी रघूला पाटावर बसवलं, मूठ ओवाळली, निखाऱ्यांवर टाकली. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो.

आणि ठसका आला. आधी रघूला, मग मला, मग अक्कांना. घर धुराने भरलं. शेजारच्या बाई खिडकीतून कन्नडमध्ये ओरडल्या, "अहो, काय जाळताय?" खोकत खोकत अक्कांनी रघूला कवटाळलं आणि मोठ्याने रडायला लागल्या.

मी फोनकडे गेले. सिस्टर म्हणाली, "नो प्रॉब्लेम मॅडम. पेशंट शांत झोपलाय. खोकला नाही, काही नाही."

या वेळी पुरळ आलं नाही. पावसाळ्याआधी श्रीकांत गेला.

डॉक्टर म्हणाले, दरवेळी पेशी काम करतातच असं नाही. ते बरोबरच आहे, माझाही त्यावरच विश्वास आहे. पण पहिल्या वेळी तो ठसका बनशंकरीतून त्या बंद खोलीत कसा पोचला, हे मला आजवर कळलेलं नाही. आणि दुसऱ्या वेळी का पोचला नाही, हे मी अजून विचारतेय.