गळ पाण्यात असताना

डोंगरातल्या त्या तळ्याच्या काठी आमच्या घराचा एकच नियम असे: गळ पाण्यात असेपर्यंत कोणी बोलायचे नाही. आवाजाने मासे बुजतात, असे दादांचे, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंचे, म्हणणे.

"काका, तुम्हाला तर ही सुट्टीच!" त्यांची मुलगी मुक्ता मला, जात्याच अबोल माणसाला, चिडवून म्हणाली आणि तीही गप्प झाली.

दादांची नजर तरंगत्या बुचावर होती. माझी, उगाचच, पाण्यात उलट्या पडलेल्या डोंगरावर. पाय धुवायला गेलेल्या मुक्ताने दुरून हात हलवला. मीही हलवला. तिने पुन्हा हलवला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की मघाशी तिच्या गुडघ्यांपर्यंत असलेले पाणी आता कमरेला लागले आहे, आणि ती तर जागची हललेलीच नाही. तिचे पाय गाळात रुतत चालले होते. मी तोंड उघडले, पण आवाज फुटेना. शेवटी दादांचा खांदा धरून गदागदा हलवला.

त्यांनी धावत जाऊन, काठावर पालथे पडून गळाची काठी तिच्या हाती दिली. आम्ही दोघांनी तिला ओढून काढले.

"अगं, हाक का नाही मारलीस?"

"गळ पाण्यात होता ना, बाबा."

शांततेला मी आजवर सौजन्य समजत आलो होतो. आता घर जरा गप्प झाले की मला राहवत नाही. हातातले पुस्तक मिटून मी हाक मारतो, "मुक्ता?"

"आहे हो काका, आहे!" ती वैतागून ओरडते, आणि मगच माझे पाय जमिनीला टेकतात.