म्हशीचा अभिप्राय

म्हशीवर जीव टाकणारी माणसं आमच्या कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतील. पण म्हशीचा अभिप्राय घेतल्याशिवाय माणसाबद्दल मत बनवायचं नाही, असा नेम पाळणारा उभ्या जिल्ह्यात एकच असेल. ते म्हणजे दूध कट्ट्यावरचे मामा. गिऱ्हाईक कट्ट्यावर येऊन बसलं की त्याच्यासमोर म्हैस पिळायची आणि फेसाळ, कोमट दुधाचा ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा तिथला जुना शिरस्ता. बाकीचे दूधवाले गिऱ्हाइकाला ग्लास देतात. मामा आधी गिऱ्हाईक तपासतात. फोनवर बोलणाऱ्याला दूध नाही, घाईत असणाऱ्याला तर नाहीच नाही. एकदा एका साहेबांनी मोटारीत बसूनच हॉर्न वाजवला. मामा शांतपणे म्हणाले, "पावणं, ह्यो पेट्रोल पंप न्हवं. उतरा, बसा, मग तिच्या मनात आलं तर दील ती." साहेब उतरले, बसले आणि दोन ग्लास पिऊन गेले.

ती म्हणजे मामांची एकुलती एक, लांब शिंगांची म्हैस. मामा तिला 'बाई' म्हणतात. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं शेपट्या उडवत धावतात, ती मजा बघायला सगळी पेठ रस्त्यावर येते. बाई आजवर एकदाही धावलेली नाही. मामा ऐटीत गाडी पुढं काढतात, बाई जागेवर रवंथ करत राहते. मग मामा वळसा घालून मागं येतात आणि बाई मनात येईल तेव्हा निघाली की पहिल्या गिअरवर तिच्या मागून चालतात. लोक पोट धरून हसतात. "हसू द्या की," मामा म्हणतात, "पळून पळून शेवटाला गोठ्यातच यायचं हाय न्हवं?"

मी मामांकडं पोचलो तो वाढलेला रक्तदाब घेऊन. सव्वीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, मुख्याध्यापकाची खुर्ची आपलीच असं धरून चाललो होतो. ती मिळाली माझ्यामागून नोकरीला लागलेल्या, रोज माझ्याच डब्यातली भाजी खाणाऱ्या मित्राला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. डबा वेगळा खाऊ लागलो, घरी ताटावर बसून बायकोवर करवादू लागलो. डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलं आणि वाटेत कट्टा लागला. मामांनी तीन दिवस मला नुसतं न्याहाळलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "सर, धार काढायला शिकता काय?" का कोण जाणे, मी हो म्हणालो.

पहिले आठ दिवस बाईजवळ नुसतं बसायचं होतं. "आधी तुमचा वास कळू द्या तिला." मग पेंड चारायची, मग कोमट पाण्यानं कास धुवायची, आणि महिन्याभरानं सडाला हात. माझ्यातला शिक्षक गप्प बसेना. पान्हा कसा सुटतो, त्यामागं कुठली ग्रंथी असते, हे मी मामांना फळ्यावर समजवावं तसं समजावलं. मामांनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "आता ह्येच तिला सांगा." बाईनं पान्हा चोरला तो चोरलाच. रोज मी पिळायचो, रोज ग्लास कोरडा. एकदा मामा हळूच म्हणाले, "तुमच्या बोटात अजून ती खुर्ची हाय, सर." मला भयंकर राग आला. आपलं चारित्र्य एका म्हशीनं तपासावं? मी कट्ट्यावर जाणं सोडलं.

पंधरा दिवसांनी मामाच दारात उभे. बाईशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांची बोटं संधिवातानं आखडली होती, मूठ मिटत नव्हती. बाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती, आणि पुतण्या तिला बाजार दाखवायचं म्हणत होता.

"माझा हात गेला सर. तुमचा चालतोय का बघू?"

"मामा, मला नाही जमत ते."

"मलाबी वरीसभर जमलं न्हवतं. आज्ज्यानं म्हशीखाली बसवून रडवलं हुतं मला. या."

दुसऱ्या दिवशी मी आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. "तुझं अभिनंदन करायचं राहिलं होतं," एवढंच म्हणालो. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "डबा आणलायस?" आम्ही दोघांनी वांग्याची भाजी खाल्ली. कितीतरी महिन्यांनी मला जेवण गोड लागलं.

संध्याकाळी हलक्या मनानं बाईखाली बसलो. थेंब नाही! "मामा," मी कळवळून म्हणालो, "आता तर खुर्ची गेली की हो माझी!"

मामा खळखळून हसले. "अवो सर, तिला काय ठावं तुमची खुर्ची? त्ये माझं बोलणं. माणसाला माणसानं सांगितलं की राग येतो, म्हणून तिच्या नावावर खपवलं. तुमी मूठ लई घट्ट धरतायसा, एवढंच. ढिली सोडा जरा."

मग ते माझ्या शेजारी उकिडवे बसले, आखडलेला तळवा तिच्या पोटाला लावला आणि तिच्याशी काहीतरी पुटपुटू लागले. मी मूठ सैल केली. पहिली धार ग्लासात वाजली तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तो ग्लास मी मामांना दिला. बोटं वळत नव्हती म्हणून त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला. जन्मभर ह्या माणसानं गावाला दूध पाजलं. त्याच्यासाठी कुणी धार काढून दिलेला हा बहुधा पहिलाच ग्लास. मामा सावकाश प्याले. मिशीला फेस तसाच ठेवून म्हणाले, "फेस कमी हाय," आणि तोंड फिरवून बराच वेळ बाईची पाठ खाजवत राहिले.

बाई गोठ्यातच राहिली. आता सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी मीच धार काढतो. म्हशीच्या वासानं वर्गातली पोरं नाकं मुरडतात, मुरडू देत. मामा शेजारी बसून माझ्या चुका काढतात, गिऱ्हाइकांना दरडावतात. बोलता बोलता मात्र त्यांची ती वाकडी बोटं मांडीवर वळतील तेवढी आपोआप हलत असतात, माझ्या धारेच्या लयीत, उघडमीट, उघडमीट. त्यांच्या ते लक्षात येत नाही, आणि मी कधी सांगणारही नाही.