खंडेनवमीच्या पाटावरचा जुना ट्रिगर

मंडळी, आज आमच्या घरी प्लास्टिकच्या एका तुकड्यावरून वाद झाला.

मी एअर पिस्तूल खेळते. कंपनीचा प्लास्टिकचा ट्रिगर ढिला पडला होता, बोट ठेवलं की हलायचा. परवा निवड चाचणी आहे, म्हणून बाहेरनं मागवलेला स्टीलचा काल बसवला. जुना कचऱ्यात टाकला.

आज खंडेनवमी. आत्यानं पाटावर विळा, खुरपं, कुऱ्हाड मांडली आणि शेवटी माझं पिस्तूल. कुंकू लावता लावता थांबली.

"हे चकचकीत काय गं?"

"नवा ट्रिगर आहे. लई मजबूत."

"मंग जुना कुठंय?"

मी कचऱ्याच्या डब्याकडं बोट केलं. तिनं तो काढला, धुतला, पदरानं पुसला आणि पिस्तुलाशेजारी ठेवून पहिलं कुंकू त्यालाच लावलं.

"तुझं मागचं मेडल ह्यानं आणलं. नव्यानं अजून काय केलंय?"

मला सराव करायचा होता. पिस्तुलाला हात लावला तर म्हणाली, "पुजलेलं आज उचलायचं न्हाय." वाद तिथं पेटला. मी हरले. आमच्या जळकोट गावात आजच्या दिवशी पुजलेल्या हत्याराला कुणी हात लावत नसतं.

नव्या ट्रिगरनं अजून एक छर्राही मारलेला नाही. तरी चाचणीला तोच नेणार. जुना आता फेकता येत नाही, त्याला कुंकू लागलंय. तो किटच्या खिशात.

तुम्ही अशा काढून टाकलेल्या पार्टचं काय करता?

परवा गुण कमी पडले तर आत्या काय म्हणेल, ते मला आत्ताच ऐकू येतंय.