उन्हात चढणारी नदी

नदीतलं मला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. लहानपण कोकणातल्या नदीकाठी गेलेलं. पावसात ती चढते, दिवाळीनंतर उतरते, आणि मे महिन्यात तिच्या कोरड्या पात्रात आम्ही क्रिकेट खेळायचो. नदी म्हणजे माझ्या लेखी एवढंच.

इथे आखातात, तुबलीच्या ज्या गॅरेजमध्ये मी फोरमन आहे, तिथे एक गढवाली वेल्डर आहे. सगळे त्याला पहाडी म्हणतात. हात चोख, बोलणं जेवढ्यास तेवढं. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी रजेचा तक्ता भरत होतो, तेव्हा तो आपणहून टेबलापाशी आला आणि मार्चची रजा मागू लागला. गावी त्याचं घर नदीकाठी होतं, घरात म्हातारी आई एकटी. नदी दरवर्षी काठ खात घराकडे सरकत होती. तारेच्या जाळीत दगड भरून त्याला बांध घालायचा होता.

"मार्च क्यों? मे में जाओ," मी म्हणालो. "गर्मी में नदी सूखी रहेगी, आराम से बांधो."

त्याने खिशातला खडू काढला आणि पत्र्यावर नदी काढली. वर बर्फाचा प्रचंड थर, त्याच्या तोंडातून निघणारं पाणी. ते पाणी दुधात राख कालवल्यासारखं, कारण सरकणारं बर्फ डोंगर घासतं आणि दगडाचं पीठ पाण्यात उतरतं. खाली खोरं रुंद होतं तिथे नदी चार-पाच फाट्यांत फुटते, आणि कुठला फाटा कधी कोणाच्या काठाला लागेल याचा नेम नाही. थंडीत ती आटते, एप्रिलनंतर चढू लागते. एका दिवसातसुद्धा सकाळी गुडघाभर पाणी, तर संध्याकाळी छातीभर. दिवसभर वितळलेलं बर्फ तोवर खाली पोचतं.

"भाईसाहब, हमारी नदी धूप से बढ़ती है," तो म्हणाला.

मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मला सगळं कळलं होतं. पण मार्चमध्ये शिमगा. पालखी घरी येते, तिच्यासाठी मी दरवर्षी जातो, आणि फोरमन आणि वेल्डर एकदम रजेवर गेलेले मालकाला चालत नाहीत. मी फडक्याने पत्रा पुसला. "अरे, पानी तो पानी है. इंशाल्ला, सब ठीक होगा," म्हणालो, आणि तक्त्यात मार्चसमोर स्वतःचं नाव लिहिलं.

शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन मी नाचलो. गाऱ्हाण्यात सगळ्यांचं बरं व्हावं असं मागितलं, लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

मे महिन्यात तो गेला. सकाळी पाणी कमी असताना दगड रचायचा, संध्याकाळी नदी ते घेऊन जायची. महिनाभर हेच चाललं. रजा संपली, तो परत आला.

जुलैत इथे गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता, तेव्हा त्याच्या गावाहून व्हिडिओ आला. आभाळात एक ढग नाही, लख्ख ऊन. राखाडी पाण्यात आधी घराची मागची भिंत बसली, मग छप्पर गेलं. आई शेजारी गेली होती म्हणून वाचली. ती आता लेकीच्या सासरी राहते आणि फोनवर त्याच्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. मार्चमध्ये का आला नाहीस, एवढं तिने एकदा विचारलं होतं. त्यावर तो काय म्हणाला, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

मला त्याने कधी बोल लावला नाही. लावला असता तर मी निदान भांडलो तरी असतो. हा माणूस सकाळी "नमस्ते भाईसाहब" म्हणतो आणि काच डोळ्यांवर ओढून कामाला लागतो. त्या नमस्त्याचा मला राग येतो.

पुढच्या जानेवारीत मी तक्त्यात मार्चसमोर त्याचं नाव लिहिलं आणि मोठा उदार असल्यासारखा त्याला दाखवायला गेलो. त्याने शांतपणे वाचलं.

"मेरा काट दो. मार्च में अब वहाँ क्या बांधूँगा?" तो म्हणाला. "आप जाओ. पालखी आए तो घर खुला रहना चाहिए ना."

ही आमच्याकडची रीत मीच कधीतरी चहा पिताना त्याला कौतुकाने सांगितली होती. मी त्याचं नाव खोडलं, माझं लिहिलं. आणि गेलोसुद्धा.