रेडियमची भुतं

दोन्ही तळहात एकमेकांवर मिटायचे, अंगठ्यांमध्ये जेमतेम फट ठेवायची आणि ती समोरच्याच्या डोळ्यापाशी न्यायची, ही त्याची भेटायची रीत. "डोळा लावा की वैनी. भ्यायचं न्हाय, भूत लई गरीब हाय." भर दुपारी आत डोकवावं, तर हिरवट उजेडाचा इवलासा सांगाडा दात विचकून उभा.

तुमच्याही गल्लीत असा एखादा छंदिष्ट असेल. कुणी काड्यापेट्या जमवतो, कुणी तिकिटं. सोलापुरातल्या आमच्या चाळीतला हा गृहस्थ कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता आणि अंधारात चमकणारी प्लॅस्टिकची भुतं जमवायचा. हडळी, कवट्या, सांगाडे. गड्ड्याच्या जत्रेत लोक पाळण्यात बसत, हा खेळणीवाल्यांच्या पाट्या उपसत बसे. नवा माल त्याला चालत नसे. "जुनं असंल तर दावा," म्हणायचा. चाळ त्याला हसायची. मला हसू यायचं नाही, कारण मला सगळं ठाऊक होतं.

बायको गेल्यावर त्याची पोर सुमी अंधाराला फार भिऊ लागली. तो रात्रपाळीला गेला की ती माझ्याकडे झोपायची. मग बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या गड्ड्यातून त्याने तिला ही रेडियमची भुतं आणून दिली. ही घरची भुतं राखण करतात, मग बाहेरची येत नाहीत, असं सांगून. उशाशी ती मांडली की पोर निवांत झोपायची. एका सांगाड्याचा पाय तर तिने चावून चावून पार चपटा केला होता.

पुढल्या वर्षी तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेलाय. मैंदर्गीहून त्याची आई आली. पोरीच्या उशाशी सांगाडे बघून म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. अमावस्येच्या संध्याकाळी तिने दहीभात, लिंबू आणि ती सगळी भुतं नातीवरून उतरवली आणि मुलाच्या हाती दिली. तीन रस्त्यांच्या तिकटीवर ठेव, मागे बघू नको, म्हणाली. तो असलं काही मानणारा नव्हता. पण पोर तापाने फणफणलेली असताना उताऱ्याला नाही म्हणणारा बाप मी तरी पाहिलेला नाही.

तो परत आला आणि दिवेलागणीला सुमीने डोळे उघडले. म्हणाली, "अण्णा, माजी भुतं कुटं हायत?"

त्याने वहाणा पायात घातल्या. म्हातारी दारात आडवी उभी राहिली. उतारा उचलला तर पोरीवर उलटेल, एवढंच म्हणाली. तो वहाणा काढून खाली बसला. भुतं उजेड प्यायला उन्हात ठेवलीत, उद्या आणतो, असं त्याने पोरीला सांगितलं. पहाटे सुमी गेली. तिला मूठमाती देऊन तो तसाच तिकटीवर गेला, तेव्हा तिथे फक्त लिंबू पडलेलं होतं.

त्यानंतर त्याचं हे जमवणं सुरू झालं. दिसेल तो सांगाडा घ्यायचा आणि आधी त्याचा पाय बघायचा. आईला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. तिला सोबत ठेवून घेतलं, भाकरी करून घातली.

एकदा नळावर त्याने मला विचारलं, "उचलली असती तर वाचली असती का वो वैनी?"

मी म्हटलं, नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की.

"ते मलाबी ठावं हाय," तो म्हणाला. "पन अंधारात गेली नसती."

मी भरलेली घागर उचलायची विसरले.

दोन-तीन वर्षांतच छातीत कळ येऊन तो साच्यापाशीच कोसळला. ते लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. भस्म लावून, हार घालून त्याला भिंतीशी बसवलं होतं. उचलायची वेळ झाली तशी म्हातारी आत गेली आणि पदरात सगळी भुतं घेऊन आली. एकेक करून तिने ती मुलाच्या मांडीवर ठेवली. विधीला आलेल्या जंगमांनी काही बोलायला तोंड उघडलं.

"असू द्या," म्हातारी म्हणाली. "पोरगी तितं वाट बघत आसंल."