बाशिंगाची बेगड

भूतबित मानणाऱ्यांतली मी नव्हे, आजही नाही. बी.एस्सी. सांगलीला केलं, पुढे तीस वर्षं शाळेत प्रकाशाचे नियम शिकवले... तरी हे लिहायला इतकी वर्षं लागली.

एकाहत्तरचा डिसेंबर. युद्ध सुरू झालं म्हणून मी सांगलीहून फलटणजवळच्या आमच्या गावी आले होते. थोरला भाऊ आघाडीवर, आणि वहिनींच्या लग्नाला जेमतेम सात महिने झालेले. आमच्या घरची रीत अशी, की नवरदेवाचं बाशिंग माजघराच्या तुळईला बांधायचं आणि वर्षभर त्याला हात लावायचा नाही. दादाचं तसंच टांगलेलं होतं — चमचमत्या बेगडीचं, भडक. मला तर ते बघून हसूच यायचं.

त्या दिवशी भर दुपारी वहिनींनी हाक मारली. माजघराला खिडकी नाही, दार लोटलेलं. तरी बेगड लखलखत होती, आणि भिंतीवर, कणगीवर, वहिनींच्या तोंडावर उजेडाचे ठिपके नुसते थरथरत होते. मी शहाणपणानं कौलं बघितली. एक फट सापडेल तर शपथ! बाशिंग मात्र जागचं हलतही नव्हतं.

वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "वन्सं, त्यास्नी थंडी वाजतीया. हात लावू नगासा, ऱ्हाऊ द्या."

मी घाबरले, कबूल करते. आणि घाबरले याचाच मला राग आला. स्टुलावर चढले, सुतळी तोडली, बाशिंग ट्रंकेत कोंबून झाकण लावलं. खोलीत एकदम अंधार झाला. वहिनी रडल्या नाहीत. अंगावरची शाल काढून त्यांनी ती ट्रंकेवर पांघरली.

त्या दुपारनंतर बाराव्या दिवशी तार आली — दादा बेपत्ता. पुढे काहीच कळलं नाही. मी तारखा जुळवून बघितल्या, पण तो बेपत्ता झाल्याचा नेमका दिवस कुणालाच सांगता येईना. वहिनींनी बाशिंग पुन्हा तिथंच बांधलं. मी कंदील धरून, आरसा धरून, दोन कौलं काढूनसुद्धा बघितलं. बेगड चमकायची, पण ते ठिपके काही उमटले नाहीत. का, ते मला आजवर उलगडलेलं नाही.

वहिनी आता थकल्यात. कुंकू अजून लावतात. त्या दुपारबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दानंही बोल लावला नाही... निदान एकदा तरी लावायला हवा होता.